ओवाळणीचे पैसे मुलीच्या हाती कसे द्यावेत?

प्रश्न (एक आई, नाशिक)

नमस्कार. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. परवा तिने बाराशे रुपयांचे घड्याळ मागितले. मी "आत्ता पैसे नाहीत" असे म्हटल्यावर तिने अगदी सहज उत्तर दिले, "फोनमध्ये आहेत ना, स्कॅन कर." यात तिची चूक नाही, कारण किराणा, भाजी, रिक्षा यांचे पैसे आमच्या घरी फोनवरूनच दिले जातात आणि नोट मोडलेली तिने फारशी पाहिलेली नाही. मला बोचते ती गोष्ट निराळीच आहे. भाऊबीजेची ओवाळणी आणि पाहुण्यांनी खाऊसाठी हातावर ठेवलेले पैसे ती माझ्याकडे सांभाळायला देते, आणि ते घरखर्चात मिसळून जातात. तिला बचतीची सवय लावायची, तर सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद (निवृत्त टपाल कर्मचारी, सांगली)

ताई, सुरुवात त्या ओवाळणीपासूनच करावी. सांभाळायला दिलेले पैसे परत मिळत नाहीत असा अनुभव आला, की मूल हाती आलेला रुपया लगेच खर्चून मोकळे होते. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना टपाल कार्यालयात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते आणि ते स्वतः चालवताही येते. त्यात किमान 500 रुपये ठेवावे लागतात आणि त्यावर 4 टक्के व्याज मिळते. पैसे भरण्याची स्लिप तिलाच लिहू द्या, रक्कम अक्षरी लिहिताना चुकली तर दुसरी स्लिप घ्या, पण आपण हात लावू नका. व्याजासाठी दर महिन्याच्या दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरली जाते, म्हणून दहा तारखेच्या आत पैसे भरावेत. दोन हजारांवर वर्षाचे 80 रुपये तिला फार थोडे वाटतील; वाटू द्यावेत. पुढे कोणी वर्षभरात दामदुप्पट देतो म्हणाला, तर तिच्याजवळ ताडून पाहायला काहीतरी असेल.

प्रतिसाद (एक वडील, पुणे)

खात्याबरोबर थोडी रोख रक्कमही तिच्या हाती असावी, असे मला वाटते. माझ्या मुलाला मी दर रविवारी शंभर रुपये देतो आणि तो वहीत जमा, खर्च आणि शिल्लक लिहितो. एकदा मंगळवारीच सगळे पैसे कार्डांच्या पाकिटांवर संपले आणि शुक्रवारी मित्र वडापाव खात असताना तो नुसता उभा राहिला. घरी येऊन त्याने ते सांगितले, तेव्हा माझा हात खिशाकडे गेला होता. मी तो आवरला. मात्र आजीने गुपचूप वीस रुपये दिले, आणि मग घरातल्या सर्वांशी बोलून तसे न करण्याचे ठरवावे लागले. घरकामाचे पैसे मात्र मी देत नाही, कारण आपले ताट उचलण्याची मजुरी नसते.

प्रतिसाद (शिक्षिका, कोल्हापूर)

फोनचाही उपयोग करता येईल. पगार जमा झाल्याचा संदेश तिला दाखवा आणि नंतर हप्ता, शाळेची फी, गॅस असे एकेक वजा होत शिल्लक कशी उतरते, ते महिनाभर तिच्याकडून लिहून घ्या. विजेचे बिलही तिलाच वाचू द्या. शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो हे कळल्यावर आमच्या घरी रिकाम्या खोलीतला पंखा मुलेच बंद करू लागली.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही दोघींनी बसून तीन वर्षांची ओवाळणी आठवून आठवून लिहिली. बेरीज 4,300 रुपये झाली. मी तिला स्पष्टच सांगितले की हे पैसे माझ्याकडून खर्च झाले आहेत आणि पुढच्या चार महिन्यांत मी ते फेडीन. तिने वहीत माझ्या नावाचे पान काढले आहे. एक शंका आहे : तिची सही दर वेळी वेगळी होते. खाते उघडताना अडचण येईल का?

प्रतिसाद (निवृत्त टपाल कर्मचारी, सांगली)

तिला सुटसुटीत अक्षरांत पूर्ण नाव लिहायला सांगा आणि घरी आठवडाभर सराव करून घ्या. नमुना सही आणि पैसे काढतानाची सही जुळली, की काम झाले.