जनआरोग्यच्या डॅशबोर्डवर नुसती कार्डं मोजून काय उपयोग?

कोरडवाहू:
मागच्या महिन्यात आत्याची अँजिओप्लास्टी महात्मा फुले योजनेतून झाली, एक रुपया लागला नाही, हे आधीच सांगतो म्हणजे कुणी "आला योजनेला शिव्या घालायला" म्हणणार नाही. पण त्याआधीचे दोन दिवस विचारू नका. पहिल्या हॉस्पिटलात गेलो तर गेटवर योजनेचा हा भला मोठा फ्लेक्स, आत आरोग्यमित्राच्या (योजनेच्या पेशंटला मदत करायला बसवलेला माणूस) टेबलावर कुणी नाही, खुर्चीवर कुणाचा तरी हेल्मेट, आणि काउंटरवरची बाई म्हणते योजनेतले बेड फुल्ल आहेत, कॅशमध्ये करणार असाल तर बघते. म्हणजे बेड तोच, रेशनकार्ड काढलं की गायब.

रात्री बाकावर बसून आयुष्मान भारतचा (केंद्राची योजना, आपली तिच्याशी जोडलेली) पब्लिक डॅशबोर्ड, म्हणजे आकड्यांचं पान, उघडला. किती कार्डं काढली, किती अ‍ॅडमिशन, किती हॉस्पिटलं पॅनलवर, सगळं कोटीत आणि लाखात. मला हवं होतं एवढंच, की आमच्या जिल्ह्यात गेल्या महिन्यात योजनेतून अँजिओप्लास्टी खरोखर कुणी केली आणि किती. बरं ही माहिती सरकारकडे नाही असंही नाही, प्रत्येक केसची प्रीऑथ, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, ऑनलाइन जाते, तारीख-वेळेसकट. 2012 ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून 8 जिल्ह्यांत सुरू झालेली योजना, तेव्हा दीड लाखाचं कव्हर होतं, आता 5 लाख आणि कार्डाचा रंगही बघत नाहीत. मग प्रत्येक हॉस्पिटलची एक ओळ लावा की, केसेस किती, तक्रारी किती, प्रीऑथला दिवस किती. कोण नुसता फ्लेक्स लावून बसलाय ते कळेल.

बिलिंगवाला:
तालुक्याच्या गावात 30 बेडच्या हॉस्पिटलचं बिलिंग बघतो, म्हणून बोलतो. ओळ लावा, पण अर्धी नको. आमचे क्लेम महिनोन्महिने पडून असतात ते त्या ओळीत येणार का? एका केसला तीनदा क्वेरी आली, डिस्चार्जचा फोटो अस्पष्ट आहे, परत टाका. अहो पेशंट गेला ऊसतोडीला कर्नाटकात, आता फोटो काय कारखान्यावर जाऊन काढू? पॅकेजचे रेट आणि इम्प्लांटचे भाव यांचा मेळ बसत नाही, वरून पैसे कधी येतील माहीत नाही, तरी फार्मसीवाला दर शनिवारी दारात उभा. छोट्या हॉस्पिटलांना लाल रंगात दाखवलं की ती पॅनल सोडणार, मग बघा तुमच्या डॅशबोर्डवर तालुका कसा पांढराफटक दिसतो ते.

आकडेमोड:
दादा तुमची अडचण खरी, पण म्हणून आकडे झाकायचे? आयुष्मान भारतवरचा 2023 चा कॅगचा (सरकारी हिशेब तपासणारी संस्था) अहवाल आठवा. एकाच मोबाइल नंबरला, तोही 9999999999, जवळपास साडेसात लाख लाभार्थी जोडलेले. आधी मृत म्हणून नोंदवलेल्या 3,446 पेशंटच्या उपचारापोटी 6.97 कोटी रुपये दिलेले. हे सगळं डेटाबेसमध्ये पडून होतं आणि आपल्याला कळलं कधी, तर ऑडिटर आत बसला तेव्हा. महिन्याच्या महिन्याला आकडे बाहेर आले असते तर कुठल्याही बीकॉमच्या पोराने एक्सेलमध्ये पकडलं असतं. आणि आरटीआय कायद्याचं कलम 4 काय सांगतं, माहिती कुणी मागायच्या आधी स्वतःहून द्या. कायदा 2005 चा आहे, काल परवाचा नाही.

नऊ दहा वेळा:
या नऊ दहा वेळावर हसू नका, मी कार्डाच्या कॅम्पात बसलोय. म्हातारीकडे मोबाइल नाही, मुलगा मुंबईला, त्याचा नंबर तिला पाठ नाही, आणि तो रकाना भरल्याशिवाय स्क्रीन पुढे सरकत नाही. मागे 60 जणांची रांग. माणूस काय करणार, नऊ दाबून धरणार. सरकारनेही तेव्हा हेच सांगितलं की ओळख आधारवरून पटवतात, मोबाइलवरून नाही. तुमच्या बीकॉमच्या पोराला ते फ्रॉड दिसलं असतं, मला तिथं नेटवर्क आणि रांग दिसते. (मृत पेशंटांचं मात्र मी समर्थन करत नाही, ते बघायलाच हवं.)

हिरवा बेड:
डॅशबोर्डवर माझा विश्वास 2021 च्या एप्रिलमध्येच उडाला. आमच्या शहरात बेडचा डॅशबोर्ड होता, स्क्रीनवर ऑक्सिजनचे 4 बेड हिरवे, फोन केला की "कालच भरले". शेवटी बेड मिळाला तो मेव्हण्याच्या ओळखीच्या वॉर्डबॉयमुळे. जो आकडा भरतो त्याला तो चुकल्याचं काही वाटत नसेल तर तो आकडा कितीही रंगीत दाखवा.

आकडेमोड:
@हिरवा बेड तेव्हाचंच दुसरं उदाहरण घ्या की, कोविडचे आकडे दाखवणारी कोविड19इंडिया वेबसाइट. कॉलेजच्या आणि नोकरी करणाऱ्या पोरांनी राज्यांची बुलेटिनं वाचून वाचून उभं केलेलं, ऑक्टोबर 2021 पर्यंत चाललं आणि अख्खा देश तेच बघत होता. चूक दिसली की लोक सांगायचे आणि ती दुरुस्त व्हायची. उघडा आकडा सुधारतो, झाकलेला कुजतो.

डॉक्टरीणबाई:
मी कोरडवाहूंच्या अर्ध्या बाजूने. केसेस, रिजेक्शन, तक्रारी जरूर दाखवा. पण पुढची पायरी म्हणून उद्या कुणी मृत्यूचे आकडे हॉस्पिटलवार लावा म्हणेल, तिथं जपून. न्यूयॉर्क राज्याने 1990 च्या आसपास बायपासचे मृत्युदर जाहीर करायला सुरुवात केली, पेशंट किती गंभीर होता त्याचा हिशेब धरून. मृत्यू कमी झाले असं एका बाजूचं म्हणणं, आणि सर्जन अवघड पेशंट घ्यायला कचरायला लागले असं दुसऱ्या बाजूचं, तो वाद अजून चालू आहे. आपल्याकडे तर तो हिशेबसुद्धा कुणी धरणार नाही, ज्या मेडिकल कॉलेजात सगळीकडून नाकारलेले पेशंट येतात तेच सगळ्यात वाईट दिसेल.

आणि फार बारीक आकडे नकोत. आमच्याकडे डायलिसिसला सहा जण येतात, नाव न लिहिता "स्त्री, वय 34" एवढं जरी टाकलं तरी आख्ख्या बाजारपेठेला कळतं ती कोण.

कोरडवाहू:
डॉक्टरीणबाई, मृत्यूंचं पटलं, बारीक आकड्यांचंही पटलं. पण गर्भाशय काढायच्या ऑपरेशनचे आकडे तरी तालुकावार हवेत ना? बीडमधलं ऊसतोड बायकांचं प्रकरण 2019 ला गाजलं ते बायका आणि त्यांच्यासोबतचे कार्यकर्ते बोलले म्हणून, कुठल्या स्क्रीनवर लाल दिवा लागला म्हणून नाही.

डॉक्टरीणबाई:
तालुकावार चालेल. पण त्यातल्या कितीतरी बायकांनी मुकादमाकडून उचल घेऊन खाजगीत रोख पैसे भरले होते, ते योजनेच्या डॅशबोर्डवर आलंच नसतं. योजनेचा आकडा योजनेपुरताच बोलतो.

बिलिंगवाला:
बरं, माझं म्हणणं परत सांगतो. आमच्या ओळीशेजारी दुसरा रकाना लावा, क्लेम कधी पाठवला आणि पैसे कधी जमा झाले. मग आम्ही पहिला रकाना आनंदाने भरतो.

कोरडवाहू:
हा रकाना मी स्वतः मागतो, लिहून घ्या. पण दादा एक सांगा, तुम्ही काउंटरच्या त्या बाजूला बसता म्हणून विचारतो. त्या दिवशी बेड होता की नव्हता?

बिलिंगवाला:
त्या हॉस्पिटलचं मला माहीत नाही. आमच्याकडे पैसे थकले की योजनेचे बेड चारवर आणतो. बाकीचे रिकामे असतात, हो.