स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये नवं शेत: का सुरू केलंत, आणि वेग कसा ठेवताय?

जुनी सेव्ह (साठवलेला खेळ) बाजूला ठेवून नवं शेत घेतलेल्यांनी इथे लिहा. माझ्यापासून सुरुवात करते. तिसरं वर्ष लागलं, गेममधल्या आजोबांचं भूत शेत कसं चाललंय ते जोखून मेणबत्त्या लावून गेलं, पैसा रग्गड, आणि सकाळी सहाला उठून करायचं काय तेच सुचेना. आता परत १५ पार्स्निप आणि ५०० गोल्ड. बियाणं घेताना हात आखडतो, मजा येतेय.

*

माझा नियम: पाणी झेपेल तेवढंच पेरायचं. सुरुवातीच्या झारीने एका चौकोनाला २ एनर्जी जाते. साठ रोपं लावली की दिवसाच्या २७० एनर्जीपैकी १२० तिथेच संपली, मग खाणीत काय डोंबल उतरणार? फार्मिंग लेव्हल ६ ला क्वालिटी स्प्रिंकलर (आपोआप पाणी घालणारा फवारा) मिळतो. तो एकटा ८ चौकोन भिजवतो, तेव्हा शेत वाढवा.

*

एग फेस्टिव्हल या गावातल्या सणाबद्दल थोडं. स्प्रिंग १३ ला स्ट्रॉबेरीचं बी मिळतं, १०० ला एक, त्यामुळे तोवर रोकड राखून ठेवते. पण रात्री दहाला घरी आल्यावर अंधारात लावत बसायची गरज नाही. पहिला तोडा ८ दिवसांनी, पुढचा ४ दिवसांनी. १३ ला लावा नाहीतर १६ ला, ऋतू संपतो त्या २८ तारखेपर्यंत तोडे दोनच. (खत घालून वाढ पळवणाऱ्यांचा हिशोब वेगळा.) निवांत झोपा.

*

मला हे पुन्हा सुरू करणं पटतच नाही. आजोबांनी कमी मेणबत्त्या दिल्या? समाधीवर हिरा ठेवा, ते परत येऊन मोजतात. कम्युनिटी सेंटरलाही (ठरलेल्या वस्तू देऊन दुरुस्त करायची गावातली इमारत) मुदत नाही. तिथे लागणारा लाल कोबी पहिल्या वर्षी हुकला तर दुसऱ्या वर्षी दुकानदार पिएरकडे बी येतंच. घाई कोणी सांगितली होती?

*

शेताचा मेडोलँड्स हा प्रकार घ्या. खुराडं आणि दोन कोंबड्या आयत्या.

*

आम्ही दोघं को-ऑप, म्हणजे एकाच शेतावर मिळून खेळतो. हा दिवस उजाडताच खाणीत पळतो, मी पाणी घालून, अंडी गोळा करून सातच्या आत झोपायला तयार. पण दोघंही पलंगावर गेल्याशिवाय दिवस संपत नाही, त्यामुळे मी पलंगावर आणि हा "अजून एकच मजला" करत रात्री दोनपर्यंत खाली. शेवटी मी मासेमारी शिकून घेतली.