अनुभव धागा: गाडीचा नंबर पैसे मोजून घेतलात का?

मंडळी, परदेशात म्हणे पाटीवर स्वतःचं नाव मिरवता येतं. आपल्याकडे एमएच १२ सरकारचं, पुढची अक्षरं मालिकेची. हौस करायची ती शेवटच्या चार आकड्यांत, आणि तेवढ्यातही लोक काय काय करतात! २०२४ च्या ऑगस्टमध्ये शासनाने दर वाढवले. पुण्यात चारचाकीला ०००१ हवा असेल तर आधी ४ लाख लागायचे, आता ६. चालू मालिकेत उरला नसेल आणि दुसऱ्या मालिकेतून उचलायचा असेल तर तिप्पट, म्हणजे १८ लाखांची नुसती पाटी. एवढ्यात आमच्याकडे दोन गाड्या येतील, पण ते असो. तुम्ही घेतलात का? आता काय वाटतं? पूर्ण नंबर टाकू नका, शेवटचे आकडे पुरेत.

पर्वतीपायथा
मला कारला बाबांच्या स्कूटरचे आकडे हवे होते. ना जुळे, ना चढते. म्हटलं, याला कोण येतंय. संगम पुलाजवळच्या आरटीओत अर्ज, डीडी, पॅन सगळं दिलं. दुसऱ्या दिवशी यादी लागली तर त्याच नंबराला आणखी एक अर्ज! असं झालं की दोघांनी जादा रकमेचा डीडी बंद पाकिटात द्यायचा. पाकिटं सगळ्यांसमोर फोडतात, रक्कम मोठी त्याचा नंबर. समोरचा पोरगेलासा होता, त्याची वाढदिवसाची तारीख होती ती. आम्ही एकाच बाकावर बसलो, चहाही बरोबर घेतला, पण पाकिटात किती हा विषय दोघांनीही काढला नाही. निघताना हिने बजावलं होतं, "बाबांवर माझीही माया आहे, पण दहा हजारांच्या वर जायचं नाही." त्याने माझ्या दुप्पट टाकले होते. मला मग रांगेतला आला तो नंबर. त्या पोराची गाडी अधूनमधून दिसते, कधी बाजीराव रोडला, कधी सारसबागेपाशी. दिसली की ही म्हणते, "बघा, बाबा चालले." मी हॉर्न देतो. त्या पोराला वाटत असेल, या काकांना कसली एवढी घाई.

खराडीकर
बेरीज नऊ. गुरुजींनी नाही, सासूबाईंनी सांगितली. आठ आली की शनी म्हणे. शोरूममधल्या मुलाकडे बेरीज नऊ येणाऱ्या मोकळ्या नंबरांची यादी तयारच होती, म्हणजे अशा सासूबाया बऱ्याच असाव्यात. वाघोलीचं ट्रॅफिक मात्र नवालाही जुमानत नाही.

सातसातसातसात
माझ्या स्कूटीचा नंबर माझ्या नावातच आहे. कॉलेजला लागले तेव्हा मामाने हौसेने घेऊन दिला. एफसी रोडला डोसा खायला गाडी लावली की संध्याकाळच्या आत आईला बातमी. माझा चेहरा कुणाच्या लक्षात नाही, गाडी सगळ्यांच्या. भाऊ माझी गाडी घेऊन जे पराक्रम करायचा तेही माझ्याच खात्यावर जमा! कहर झाला तो बघण्याच्या कार्यक्रमात. मुलाच्या आत्याने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "अगं, चार साती तुझीच ना? कर्वे पुतळ्याला उलट्या बाजूने घुसते ती?" (लग्न तिथेच झालं. आत्या अजून मागे बसत नाहीत.) धाकट्या बहिणीची गाडी घेताना मी सांगितलं, असा नंबर घे की मलाही आठवता कामा नये.

नानापेठी
मालकांचं झालं, आता पाटी करणाऱ्याचं ऐका. माझं रेडियमचं दुकान. ४९१२ घेऊन गिऱ्हाईक आलं की विचारावं लागायचं नाही. इंग्रजी आकडे जरा वाकवले, वर रेघ मारली, झाले 'पवार'. २१४ चा राम, ८०५५ चा बॉस. बॉसवाले सगळ्यात जास्त घासाघीस करणार! आकड्याची उंची, जाडी, मधली जागा सगळं नियमात ठरलेलं आहे, हे मला पाठ होतं आणि त्यांनाही. चौकात पकडलं की साधी पाटी करायला परत माझ्याकडेच यायचे. दोन्हीकडून धंदा. एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे सरकारमान्य हाय सिक्युरिटी पाटी, लागूनच येते, आता जुन्यांनाही सक्तीची केली. अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि काढायला गेलं की तुटणारं लॉक. त्यात पवार कुठून बसवणार? नंबराला पैसे भरलेल्यांची पाटीही आता चारचौघांसारखीच. ते मग मागच्या काचेकडे वळतात. 'आई-बाबांचा आशीर्वाद' जोरात चालतंय.

मुळशीचा मावळा
माझी पाटी अख्खी मराठीत होती. हवालदारमामांनी वाचली, "झकास आहे" म्हणाले आणि दंड लावला. म्हटलं, मामा, तुम्हाला वाचता आली ना? "मला आली. कॅमेऱ्याला येत नाही."

लेस्टरवासी कोथरूडकर
इथे इंग्लंडात नंबर गाडीला चिकटलेला नसतो. डीव्हीएलए हे सरकारी खातंच तो विकतं. गाडी विकताना ८० पौंड भरून नंबर स्वतःकडे ठेवायचा आणि पुढच्या गाडीला लावायचा. पाटीवरून गाडीचं वय कळतं, त्यामुळे जुनी गाडी नवी भासेल असा नंबर देत नाहीत. नवीला जुना चालतो. अंतर बदलून किंवा स्क्रू मारून आकड्याचं अक्षर केलं तर १००० पौंडांपर्यंत दंड. म्हणजे नाना पेठ इथेही आहे. मी आडनाव घ्यायला निघालो होतो, पण पाटीवर इंग्रजी अक्षरं-आकडे मिळून सातच मावतात आणि कुलकर्णीला आठ लागतात. शेजारच्या पटेलांचं बरं आहे. त्यांच्यात चढाओढ असेल, पण मावतं तरी.

सदाशिव
मिळाला तो घेतला. पाठ नाही. वाचलेल्या पैशांत टायर बदलले.

हडपसरी
सासऱ्यांच्या गाडीचा नंबर झकास आहे. ते आता गाडी चालवत नाहीत. घरात दुसऱ्या कुणाच्या नावावर होतो का?

धागाकर्ता
होतो. २०२४ च्या त्याच अधिसूचनेत ती सोय आहे. पती-पत्नी, मुलगा, मुलगी.

हडपसरी
आणि जावई?

धागाकर्ता
यादीत नाही.

हडपसरी
मग हिच्या नावावर करून घेतो. चालवायला मीच.

हडपसरींची ही
बघू.