२६ इंची जुन्या एमटीबीला (माउंटन बाइकला) २७.५ची चाकं बसतील का?

घोडबंदरी
नमस्कार मंडळी. सायकल २०११ची आहे, २६ इंची ॲल्युमिनियम हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन). पुढे-मागे मेकॅनिकल डिस्क ब्रेक, १६० मिमी रोटर (ब्रेकच्या चकत्या), सहा बोल्टचे. पुढे १०० मिमी ट्रॅव्हलचा (तेवढा दबणारा) कॉइल, म्हणजे स्प्रिंगवाला फोर्क. गिअर ३×७, पुढे ४२-३४-२४ दाते, मागे आट्यांचं फ्रीव्हील (चाकाला आट्यांनी बसणारा चक्क्यांचा संच) १४-२८. टायर २६ × २.१. रोज ठाण्याचा घोडबंदर रोड आणि रविवारी येऊरची टेकडी एवढा वापर.

मागच्या रिमला स्पोकच्या भोकांपाशी तडे गेलेत, पुढची खड्ड्यात आदळून वाकलीये. चाकं घ्यायचीच आहेत, तर मोठी घ्यावीत का? २७.५ की थेट २९? सायकलवाले म्हणतात, "आणा, बसवून देतो." पण आधी काय तपासायचं ते नीट कळलं तर बरं.

स्पोक की
डिस्क ब्रेक आहेत, त्यामुळे मोठी अडचण आधीच सुटली. व्ही-ब्रेक (रिमला रबर दाबणारे) असते तर रिमची कड १२.५ मिमी वर गेली असती आणि ब्रेकचं रबर खाचेत तेवढं वर सरकत नाही. रोटरचा रिमशी संबंध नाही, तो हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) असतो.

२६, २७.५ ही नावं बाजूला ठेवा. टायरच्या कडेला '५४-५५९' असं छापलेलं असतं. ५४ ही रुंदी, ५५९ हा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. २७.५ साठी तो ५८४, २९ आणि ७०० सी (रोड सायकलचं माप) दोन्हींसाठी ६२२. व्यासाचा अर्धा अधिक टायरची उंची (ढोबळमानाने रुंदीइतकीच) ही चाकाची त्रिज्या:

२६ × २.१ : ३३४ मिमी
२७.५ × १.७५ (४७-५८४) : ३३९
२७.५ × २.१ (५४-५८४) : ३४६
२९ × २.१ (५४-६२२) : ३६५

२९चा विचार सोडा. ३१ मिमी जास्तीची जागा त्या काळच्या २६ इंची फ्रेममध्ये मिळत नाही, आणि मिळाली तरी वळताना पायाचा पंजा पुढच्या टायरला लागेल.

२७.५ साठी सायकल उलटी ठेवा, चाकं काढा आणि स्टीलची पट्टी घ्या. मागे ड्रॉपआउटमध्ये (चाक बसतं त्या फ्रेमच्या खाचेत) एक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) मध्य जिथे येतो तिथून चेनस्टेच्या (पेडलकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्यांच्या) आडव्या पुलापर्यंत मोजा, मग सीटस्टेच्या (सीटकडे जाणाऱ्या वरच्या दोन नळ्यांच्या) पुलापर्यंत. दोन्हीकडे ३४६ + ६ = ३५२ मिमी तरी हवेत. येऊरला पावसाळ्यात जात असाल तर १० मिमी मोकळे ठेवा. ओल्या लाल मातीत बारीक खडी टायरला चिकटते आणि टायर-स्टेच्या फटीत अडकून ॲल्युमिनियम खरवडत राहते. रंग उडाल्याचं दिसतं, धातू किती गेला ते दिसत नाही.

बहुतेक जण उंची मोजतात आणि रुंदी विसरतात. मोठ्या चाकात टायरचा सगळ्यात रुंद भाग १२ मिमी पुढे, म्हणजे बीबीच्या (पेडलच्या एक्सलच्या) दिशेने सरकतो, आणि तिथे चेनस्टे एकमेकांच्या जवळ आलेले असतात. म्हणून एक्सलच्या मध्यापासून ३१५ ते ३२० मिमीवर खूण करून तिथलं आतलं अंतर मोजा. २.१च्या टायरला ६६ मिमी तरी पाहिजे. चेनस्टे आखूड असतील तर फ्रंट डिरेलरचा (पुढचे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) पट्टाही बघून घ्या, टायर तिथेही घासतो.

पारसिकचा चढ
फोर्कची तपासणी सगळ्यात महत्त्वाची, कारण मागचं चाक घासलं तर आवाज येतो, पुढचं अडकलं तर माणूस हँडलवरून पुढे जातो.

दोन मापं घ्या. पहिलं, एक्सलच्या मध्यापासून फोर्कच्या कमानीच्या खालच्या बाजूपर्यंत. कमान खालच्या नळ्यांचाच भाग असल्याने हे अंतर बदलत नाही. दुसरं, फोर्क पूर्ण दाबल्यावर क्राउनच्या (फोर्कचे दोन पाय वर जोडणाऱ्या भागाच्या) खालच्या बाजूपर्यंत. त्यासाठी वरचं झाकण उघडून स्प्रिंग बाहेर काढा आणि फोर्क तळाला टेकेपर्यंत दाबा. स्प्रिंग आत ठेवून अंगाचं वजन टाकून दाबलं तर शेवटचे २०-२५ मिमी राहूनच जातात, आणि घोडबंदरच्या खड्ड्यात नेमके तेच वापरले जातात. प्रीलोडचं (स्प्रिंगचा ताण बदलणारं) बटण फिरवून ट्रॅव्हल कमी होत नाही, तो गैरसमज आहे.

जागा नसेल आणि फोर्क बदलायचा ठरला, तर एकसारख्या जाडीच्या, २८.६ मिमी स्टिअररचाच (फ्रेमच्या पुढच्या नळीत, म्हणजे हेड ट्यूबमध्ये जाणाऱ्या दांड्याचाच) घ्या. आज बरेचसे फोर्क टेपर्ड (स्टिअरर खाली जाड) येतात, ते जुन्या हेड ट्यूबमध्ये जात नाहीत. १०० मिमी ट्रॅव्हलचाच घ्या, २७.५चा फोर्क मुळातच थोडा उंच असतो, आणि पुढची बाजू २० मिमी वर गेली की हेड अँगल (हेड ट्यूबचा कल) साधारण १ अंशाने लोळतो. येऊरच्या चढावर तेव्हा पुढचं चाक भरकटायला लागतं.

स्पोक की
चाकं विकत घेताना: हबची रुंदी पुढे १०० मिमी, मागे १३५ मिमी, क्विक रिलीज (लिव्हरने सुटणारी). ११० आणि १४८च्या थ्रू एक्सलवाल्या (जाड, आरपार एक्सलच्या) बूस्ट, म्हणजे जास्त रुंद हबच्या भानगडीत पडू नका. मागचं हब आट्यांचं घेतलं तर सध्याचं फ्रीव्हील चालेल. कॅसेटचं हब (चक्के आट्यांऐवजी खाचांवर सरकवून बसतात ते) घेतलंत तर ७ गिअरच्या कॅसेटमागे ४.५ मिमीचा स्पेसर लागतो, मात्र एक्सलला आधार चांगला मिळतो. आट्यांच्या हबमध्ये एक्सल चेनच्या बाजूला वाकतो, वजनदार माणसाखाली तर हमखास.

हब चांगले असतील तर फक्त रिम बदलूनही भागतं. आधी भोकं मोजा, ३२ की ३६. जुन्या तारा चालणार नाहीत, रिमची खोली सारखी असली तरी साधारण १२ मिमी लांब लागतील. नेमकी लांबी नव्या रिमच्या ईआरडीवरून (तारा रिममध्ये जिथे संपतात तिथल्या व्यासावरून) काढायची, अंदाजाने नाही. नव्या चाकाचा १०० किमीनंतर एकदा आउट (वाकडेपणा) काढून घ्या, तारा बसताना सैल होतात.

चाक बसवल्यावर कॅलिपरचे (रोटरला पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाचे) दोन बोल्ट सैल करून, लिव्हर दाबून धरून पुन्हा ६ ते ८ न्यूटन-मीटरने आवळा. नव्या हबवर रोटर अर्धा-एक मिमी इकडे-तिकडे होतोच.

वाशी खाडीपूल
गिअरचंही बघा. २६ × २.१चा परीघ २०६८ मिमी, २७.५ × २.१चा २१४८. म्हणजे प्रत्येक गिअर जवळपास ४ टक्क्यांनी जड. २८ दात्यांचा चक्का २७चा झाल्यासारखं वाटेल. १४-३४चं फ्रीव्हील टाका, मागचा डिरेलर लांब केजचा (चेन ताणणाऱ्या लांब पट्टीचा) असेल तर घेतो, चेन मात्र नवी आणि थोडी लांब लागेल. सायक्लोकॉम्प्युटरमध्येही २१४८ भरा.

येऊरला डांबरी रस्त्यानेच जात असाल तर ७०० × ३८चा विचार करा. त्रिज्या ३११ + ३८ = ३४९, उंचीला २७.५ × २.१ सारखीच, रुंदीला १६ मिमी कमी. घोडबंदर किंवा नवी मुंबईच्या पाम बीच रोडसाठी उत्तम. मातीत उतरणार असाल तर नको.

आणि एक स्पष्ट सांगतो: चाकं धड असती तर बदलू नका म्हटलं असतं. १२ मिमी त्रिज्येने खड्डा थोडा सोपा होतो, पण २.१च्या टायरमध्ये ५० पीएसआय ठोकून फिरणाऱ्याला हवा ३५वर आणली की त्याहून जास्त फरक कळतो. तुम्हाला रिम घ्यायच्याच आहेत, म्हणून २७.५. २०१२ला स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरिट्झबर्गचा एमटीबी वर्ल्ड कप २७.५वर जिंकला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत चांगल्या एमटीबींतून २६ जवळजवळ गेलंच. रिम-टायरची निवड आता २६पेक्षा २७.५मध्ये जास्त आहे.

घोडबंदरी
मोजलं. चेनस्टेचा पूल ३५७, सीटस्टेचा ३६२, खुणेपाशी चेनस्टेमधलं अंतर ६८. फोर्कची कमान ३६०. स्प्रिंग काढून पूर्ण दाबल्यावर क्राउनखाली ३४८.

पारसिकचा चढ
मागे ५४-५८४ बसेल, कोरड्यात निर्धास्त, पावसाळ्यात चिखल चुकवा. पुढे तोच टायर टाकू नका, ३४८ मध्ये ३४६ म्हणजे फक्त २ मिमी, आणि तळाचा रबरी बंपर जोरात आदळल्यावर अजून दबतो. पुढे ५०-५८४, म्हणजे २७.५ × १.९५ घ्या: २९२ + ५० = ३४२, ६ मिमी मोकळे. पुढचं २६ ठेवून फक्त मागचं मोठं करू नका, सायकल पुढे झुकते आणि उतारावर हँडल अस्थिर होतं.

टायर हवा भरून एक रात्र ठेवा, मग व्हर्नियरने रुंदी बघा. ५० छापलेला टायर रुंद रिमवर ५२ भरला तर तो पुढे चालणार नाही, ४७चा घ्यावा लागेल.