फिकह शिकवायला व्हिडिओ लावावा का?

कौसावाला: मुंब्र्यात मकतबमध्ये (मुलांच्या धार्मिक वर्गात) १२-१४ वर्षांच्या पोरांना फिकह (इस्लामी आचाराचे नियम) शिकवतो, प्रोजेक्टर मिळाला म्हणून वुजूचा (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्याचा) यूट्यूब व्हिडिओ लावला, त्यात फर्ज (सक्तीच्या गोष्टी) ४ सांगितले आणि मागून एक कोकणी पोरगा ओरडला, सर घरी तर ६ शिकवलेत! अर्धा वर्ग हनफी, अर्धा शाफई, म्हणजे दोन वेगळे मजहब (फिकहच्या परंपरा). काय करू?

राबोडीकर: बरोबरच बोलला की तो. हनफीत ४, शाफईत नियत (मनातला इरादा) आणि तरतीब (ठरलेला क्रम) धरून ६. व्हिडिओवाले मजहब सांगतच नाहीत हा खरा घोळ. म्यूट करून लावा आणि तुम्ही बोला.

नेरुळची आपा: मी जकात (सक्तीचं वार्षिक दान) एक्सेलवर शिकवते, साडेसात तोळ्यांच्या वर सोनं गेलं की अडीच टक्के आपोआप येतात. पोरी लगेच आईचे दागिने मोजायला लागल्या 😄 मग शाफईत वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही म्हटल्यावर अजून एक कॉलम वाढला.

राबोडीकर: आणि भाई, नमाजच्या ॲपमधली असरची (दुपारनंतरच्या नमाजची) सेटिंग दाखवा, हनफी केलं की वेळ पुढे सरकते, कारण त्यात सावली वस्तूच्या उंचीच्या दुप्पट धरतात. पण आधी गच्चीवर काठी उभी करून सावली मोजायला लावा, ॲप नंतर.

कौसावाला: काठी आहे, गच्चीची चावी सेक्रेटरीकडे 😅 मागतो उद्या.