४ टीबीची बाह्य हार्ड डिस्क ४६५ जीबी दाखवते : फॉरमॅट न करता चित्रीकरण परत मिळेल का?

पेटारा (कुडाळ) — प्रश्न

नमस्कार. आमच्या भागातील दशावतारी नाटकांचे रात्रभर चालणारे प्रयोग मी २०१४ पासून चित्रित करत आलो आहे आणि ते सगळे चित्रीकरण त्याच वर्षी घेतलेल्या ४ टीबीच्या एका बाह्य हार्ड डिस्कवर आहे. ही डिस्क खिशात मावणारी नसून टेबलावर उभी ठेवण्याची, स्वतंत्र अडॅप्टरवर चालणारी आहे. यंदाच्या पावसाळ्यात तिच्या डब्याचा यूएसबी सॉकेट गंजून इतका सैल झाला की केबल हाताने दाबून धरली तरच डिस्क दिसायची, आणि पुढे तशीही दिसेनाशी झाली. एका दुकानदाराने डबा उघडून आतील साडेतीन इंची डिस्क काढून दिली आणि मी ती यूएसबी ३ च्या नव्या डॉकमध्ये (उघडी डिस्क संगणकाला जोडणाऱ्या उपकरणात) बसवली.

डॉकमध्ये डिस्क नेहमीसारखी फिरते, टकटक किंवा खरखर असा कोणताही आवाज येत नाही. विंडोज १० तिला अक्षरही देते, परंतु त्यावर क्लिक केले की ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावे लागेल’ अशी सूचना येते, आणि फॉरमॅटच्या चौकटीत क्षमता ४६५ जीबी अशी लिहिलेली असते. मी प्रत्येक वेळी ‘कॅन्सल’ केले आहे. दुकानदाराचे म्हणणे असे की डिस्क गेली, आता फॉरमॅट मारा आणि मग रिकव्हरीचे सॉफ्टवेअर लावा.

माझे प्रश्न दोन आहेत. उरलेले साडेतीन टीबी गेले कुठे? आणि फॉरमॅट न करता आतील फायली मिळण्याची काही शक्यता आहे का? दुसरी प्रत काढून ठेवलेली नाही; त्याबद्दल घरी पुरेसे ऐकून झाले आहे.

आकडेमोड — प्रतिसाद

आपण ‘कॅन्सल’ केलेत हे फार बरे झाले. यापुढेही फॉरमॅट, चेकडिस्क आणि ‘इनिशियलाइझ’ या तिन्हींना हात लावू नका, कारण तिन्ही डिस्कवर काही ना काही लिहू शकतात. दुकानदाराने सांगितलेला क्रम तर उलटाच आहे.

क्षमतेच्या आकड्यांत एक नेहमीचा फरक असतो, तो आधी बाजूला काढू. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १० चा १२ वा घात इतके बाइट धरतात आणि विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजून तेच नाव वापरते, त्यामुळे ४ टीबीची पूर्ण निरोगी डिस्कही विंडोजमध्ये ३.६३ टीबीच दिसते. मॅकवर २००९ च्या १०.६ या आवृत्तीपासून दशमान मोजणी असल्याने हीच डिस्क तिथे ४ टीबी दिसते. ३.६३ च्या जागी ४६५ जीबी दिसणे मात्र या हिशेबात बसत नाही.

कृपया ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा आणि तीन गोष्टी लिहून पाठवा : डावीकडील चौकोनात त्या डिस्कची एकूण क्षमता किती आहे, उजवीकडील पट्टीत किती तुकडे आहेत व प्रत्येकाचा आकार काय, आणि डिस्कच्या गुणधर्मांत पार्टिशनची (डिस्कच्या कप्प्यांची) नोंद ठेवण्याची पद्धत एमबीआर, म्हणजे जुनी, लिहिली आहे की जीपीटी, म्हणजे नवी. नुसते पाहण्याने काही बिघडत नाही.

जुनाडॉक — प्रतिसाद

मला वाटते डॉक बदलून पाहावा. माझ्याकडे ३ टीबीची डिस्क एका जुन्या डॉकमध्ये ७४६ जीबी दिसत असे आणि मी कित्येक दिवस डिस्कलाच दोष देत होतो. तिच्यावर ५१२ बाइटांचे ५,८६,०५,३३,१६८ सेक्टर (डिस्कवरील माहितीचे मोजणीचे छोटे तुकडे) होते, पण डॉकमधील चिपला सेक्टरांची संख्या ३२ बिटांतच सांगता येत होती, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ च्या पुढे ती पुन्हा शून्यापासून मोजायला लागे. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा ९९,९९९ नंतर शून्यावर यायचा, तसेच हे. वजाबाकी करून उरलेल्या सेक्टरांचे बरोबर ७४६.५२ जीबी होतात, आणि नवा डॉक आणताच पूर्ण क्षमता दिसली. तुमच्या बाबतीतही तसेच असावे.

पेटारा

दोघांचेही आभार. आकडे पाहून लिहीत आहे. डावीकडील चौकोनात एकूण ३७२६.०२ जीबी. पट्टीत तीन तुकडे आहेत : पहिला ४६५.७५ जीबीचा, त्यावर ‘रॉ’ असे लिहिले आहे, दुसरा १५८२.२५ जीबीचा, ‘अनअलोकेटेड’. आणि तिसरा १६७८.०२ जीबीचा, तोही ‘अनअलोकेटेड’. पद्धत एमबीआर. डॉक याच महिन्यात घेतलेला आहे आणि खोक्यावर १६ टीबीपर्यंतच्या डिस्क चालतात असे छापलेले आहे.

सोल्डरगन — प्रतिसाद

हे आकडे मिळाल्यावर अंदाज बांधण्याची गरज उरत नाही. एकूण क्षमता ३७२६.०२ जीबी म्हणजे ४०,००,७८,७०,३०,०१६ बाइट, ४ टीबीच्या डिस्कचा हा अगदी बरोबर आकडा आहे. त्यामुळे डॉक निर्दोष आहे आणि वरील ७४६ जीबीचा प्रकार इथे लागू होत नाही. (तो असता तर ४ टीबीची डिस्क १६७८ जीबी दिसली असती. तुमच्या तिसऱ्या तुकड्याचा आकडा योगायोगाने तोच दिसतो, कारण तोही २ टीबीच्या रेषेच्या पलीकडे उरलेला भाग आहे.)

आता पहिला तुकडा पाहा. ३७२६.०२ ला ८ ने भागले की ४६५.७५ येतात. अपघाताने बिघडलेल्या डिस्कचे आकडे इतक्या नेमकेपणाने भागले जात नाहीत. ४०९६ भागिले ५१२ म्हणजेही ८ च.

त्या काळी विकल्या जाणाऱ्या मोठ्या डब्यांबाबत कंपन्यांपुढे एक अडचण होती. विंडोज एक्सपी अनेक घरांत चालू होते, त्याचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ पर्यंत होता, आणि त्याच्या नेहमीच्या ३२ बिटी आवृत्तीला जीपीटी समजत नसे. एमबीआरच्या तक्त्यात तर पार्टिशनची सुरुवात आणि लांबी ३२ बिटांतच लिहिता येते, म्हणजे ५१२ बाइटांच्या सेक्टरांनिशी २ टीबीच्या पुढे जाता येत नाही. यावर तोड म्हणून डब्यातील यूएसबीच्या चिपने संगणकाला सांगायचे की माझा एक सेक्टर ४०९६ बाइटांचा आहे, आणि प्रत्यक्षात डिस्ककडून ५१२ चे ८ सेक्टर आणून द्यायचे. तेवढ्याने मर्यादा १६ टीबीवर जाते आणि एमबीआरही चालतो. तुमची डिस्क अशाच डब्यात फॉरमॅट झालेली आहे.

डबा गेला तसा दुभाषाही गेला. पार्टिशनच्या तक्त्यात आजही तेच लिहिलेले आहे : सुरुवात २५६ व्या सेक्टरपासून, लांबी सुमारे ९७ कोटी ६७ लाख सेक्टर. डब्यात २५६ चा अर्थ २५६ गुणिले ४०९६, म्हणजे १०,४८,५७६ वा बाइट होता आणि एनटीएफएसचा (विंडोजच्या फायली मांडण्याच्या पद्धतीचा) पहिला सेक्टर तिथेच आहे. डॉक खरे बोलतो, सेक्टर ५१२ चा सांगतो, म्हणून विंडोज १,३१,०७२ व्या बाइटवर जाऊन पाहते, तिथे काहीच सापडत नाही, आणि ते ‘रॉ’ म्हणून मोकळे होते. लांबीलाही तोच गुणक चुकीचा लागल्याने ४ टीबीचे ५०० दशमान जीबी, म्हणजेच विंडोजच्या मापाने ४६५.७५ होतात. साडेतीन टीबी कुठेही गेलेले नाहीत. चुकीच्या पट्टीने मोजले जात आहेत, इतकेच.

यात एक चांगली बातमीही दडलेली आहे. काही डब्यांची चिप सगळी माहिती सांकेतिक करून लिहिते, आणि मग डिस्क बाहेर काढल्यावर पहिला सेक्टरसुद्धा निरर्थक अक्षरांनी भरलेला दिसतो. तुमच्या डिस्कचा तक्ता सरळ वाचता येतो आणि त्यातील आकडे अर्थपूर्ण आहेत, तेव्हा तुमचा डबा त्यातला नव्हता.

उपाय दोन आहेत. तोच डबा, त्याच मॉडेलचा, जुन्या बाजारात मिळाला तर डिस्क त्यात बसवा. सगळे पूर्ववत दिसेल. तो न मिळाल्यास लिनक्स वापरा. पेनड्राइव्हवरून उबुंटू ‘ट्राय’ या पर्यायाने सुरू करा, म्हणजे संगणकातील विंडोजला धक्का लागत नाही. टर्मिनलमध्ये ‘लॉसेटअप’ (losetup) ही आज्ञा ‘सूडो’ (sudo) लावून चालवा आणि तिला पर्याय द्या : छोटा आर म्हणजे फक्त वाचन, मोठा पी म्हणजे पार्टिशन शोधणे, छोटा बी व त्यापुढे ४०९६ म्हणजे सेक्टरचा आकार, आणि छोटा एफ म्हणजे मोकळे लूप उपकरण (दुसऱ्या डिस्कला नव्या रूपात दाखवणारे लिनक्सचे आभासी उपकरण) घेणे, शेवटी डिस्कचे नाव. पार्टिशनचे नाव द्यायचे नाही, संपूर्ण डिस्कचे द्यायचे, आणि ते नाव आधी ‘एलएसबीएलके’ (lsblk) या डिस्कची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने क्षमता पाहून दोनदा खात्री करून घ्या. पूर्वी डब्यातील चिप जे काम करत होती तेच आता लिनक्स करील. पुन्हा ‘एलएसबीएलके’ चालवल्यावर लूपखाली ३.६ टीबीचे एकच पार्टिशन दिसले पाहिजे. ते ‘फक्त वाचन’ पद्धतीने माउंट करून (म्हणजे त्यातील फायली दिसतील असे जोडून) सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.

टेस्टडिस्क या पार्टिशन दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरने तक्ताच दुरुस्त करावा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. तक्ता दुरुस्त करता येतो, पण एनटीएफएसच्या पहिल्या सेक्टरमध्येही ‘एक सेक्टर ४०९६ बाइट’ अशी नोंद असते आणि तीही जुळवून घ्यावी लागते. हौस म्हणून मी हे केलेले आहे. एकुलत्या एका प्रतीवर मात्र मी ते करणार नाही आणि आपणही करू नये.

जुनाडॉक

माझा अंदाज चुकला. एकूण क्षमता बरोबर दिसते आहे की चुकीची, हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता.

पेटारा

कळवण्यास उशीर झाला, कारण त्या मॉडेलचा डबा कुठेही मिळाला नाही आणि उबुंटूची तयारी करण्यात दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्या प्रयत्नात मी डिस्कऐवजी तिच्या पार्टिशनचे नाव दिले, म्हणून काहीच दिसले नाही. दुसऱ्यांदा लूपखाली ३.६ टीबीचे पार्टिशन आले, माउंट केले, आणि २०१४ पासूनचे सगळे फोल्डर आपापल्या गावांच्या नावांनिशी समोर उभे राहिले. सुमारे २.९ टीबी उतरवायला साडेआठ तास लागले. सर्वांत जुनी, सर्वांत मोठी आणि अधल्यामधल्या आठ-दहा फायली सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढे-मागे करून पाहिल्या, त्या ठीक चालतात. ‘स्मार्ट’च्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या, नोंदीत खराब सेक्टरांचे रीअलोकेटेड आणि पेंडिंग हे दोन्ही आकडे शून्य आहेत.

आता ही जुनी डिस्क डॉकमध्येच दुसरी प्रत म्हणून वापरावी असा विचार आहे. ती जीपीटी करून फॉरमॅट केली, तर पुढे असा घोळ होणार नाही ना?

आकडेमोड

अभिनंदन. जीपीटी अवश्य करा, २ टीबीच्या पुढे ५१२ च्या सेक्टरांना तोच मार्ग आहे. नव्या प्रतीवरील फायली उघडतात याची खात्री झाली आहेच, तेव्हा ‘डिस्कपार्ट’ या विंडोजच्या डिस्क हाताळणाऱ्या साधनामध्ये ‘लिस्ट डिस्क’ने क्रमांक नीट पाहून ‘क्लीन’ आणि ‘कन्व्हर्ट जीपीटी’ या आज्ञा द्या. क्रमांक चुकला तर ‘क्लीन’ कोणाचीही गय करत नाही, म्हणून त्या वेळी नवी प्रत संगणकापासून काढून ठेवा.

मात्र जीपीटी केले की डबे कितीही बदलावेत, असे मुळीच नाही. जीपीटीचे मुख्य शीर्षक सेक्टर क्रमांक १ मध्ये असते, आणि हा सेक्टर ५१२ च्या मोजणीत ५१२ व्या बाइटवर, तर ४०९६ च्या मोजणीत ४०९६ व्या बाइटवर येतो. डॉकमध्ये जीपीटी केलेली डिस्क उद्या ४०९६ सांगणाऱ्या डब्यात घातली, तर तिथेही ती कोरी किंवा बिघडलेली वाटेल. नवी डिस्क कोणत्या प्रकारची आहे हे पाहायचे असल्यास पॉवरशेलमध्ये ‘गेट-डिस्क’ चालवून ‘लॉजिकल सेक्टर साइझ’ हा गुण पाहा. ‘फिजिकल’ ४०९६ असणे आजकाल नेहमीचे आहे, त्याने काही अडत नाही.

आणि एक करा. डिस्कच्या लेबलवर मार्करने लिहून ठेवा : ‘डॉकमध्ये फॉरमॅट, ५१२’.

पेटारा

लिहिले. नव्या डिस्कचा आकडाही पाहिला, तीही ५१२ च आहे. तिच्या डब्यावर चिकटपट्टी लावून त्यावर तेच लिहिले आहे आणि यूएसबीचा सॉकेट पावसाळ्यापुरता प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला आहे.