मदत हवी आहे: इंग्रजीत नम्रपणे कसं मागायचं? उद्यापर्यंत हवं

कृष्णाकाठ:
उद्या सकाळपर्यंत हवं आहे म्हणून पाल्हाळ लावत नाही. काल मला बाजूला घेऊन सांगण्यात आलं की माझं बोलणं 'रूड' वाटतं, मी हुकूम सोडते. मी आयुष्यात कुणाला अरे-तुरे केलेलं नाही. 'गिव्ह मी द चार्ट' एवढंच म्हणाले होते, तेही हसून. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आता रजा मागायची आहे आणि एकीचे आभार मानायचे आहेत. दोन्हीसाठी वाक्यं द्या. 'काइंडली ग्रँट मी लीव्ह' चालेल ना?

जुना_फळा:
कुणी सांगितलं? कुठल्या देशात आहात? रजा तोंडी मागायची की लेखी? हे कळल्याशिवाय कसं सांगणार? तूर्त एवढं धरा: 'कॅन'पेक्षा 'कुड' मऊ. पत्राची सुरुवात 'डिअर सर ऑर मॅडम' असेल तर शेवटी 'युवर्स फेथफुली', नावाने असेल तर 'युवर्स सिन्सिअरली'. ३१ वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं आहे. यात मुलं हमखास चुकतात.

थेट_बोल:
एवढं वाकायची गरजच नाही. मी ११ वर्षं टेक्सासमध्ये आहे. 'आय नीड टू वीक्स ऑफ', विषय संपला. आपली माणसं नको तितकी भिडस्त, म्हणून मागे राहतात.

सोनसळी:
चार्ट म्हणजे नर्सिंग ना? मग आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेऐवजी ओईटी, म्हणजे दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा, द्या. २०१७ पासून यूकेची नर्सिंग कौन्सिल ती धरते. प्रश्न हॉस्पिटलमधलेच असतात, त्यामुळे आपल्याला जवळची वाटते.

कृष्णाकाठ:
ताई, परीक्षा कधीच झाली, रजिस्ट्रेशनही झालं. ते विचारतच नाहीये हो!
बरं, राहिलेलं लिहिते. इंग्लंड, यॉर्कशायर, सरकारी हॉस्पिटल, पाचवा महिना. तक्रार एका हेल्थकेअर असिस्टंट मुलीची. रजेचा मेल वॉर्ड मॅनेजरला, त्यांना सगळे नावाने हाक मारतात. आभार एका सीनिअर नर्सचे. वडिलांची अँजिओप्लास्टी ठरल्याचा सांगलीहून फोन आला, तेव्हा तिने न विचारता माझी रविवारची नाइट स्वतःच्या अंगावर घेतली. मी 'थँक्यू' म्हणाले, ती 'एनीटाइम, लव्ह' म्हणून निघून गेली. मला ते फार अपुरं वाटतंय.

रानजाई:
मँचेस्टरला नऊ वर्षं वॉर्डात आहे. हेच मलाही ऐकावं लागलं होतं, तेव्हा आधी जेवून घ्या.
तुमच्या मनात वाक्य होतं, 'जरा तेवढा चार्ट देता का?' मराठीत सगळा आदर त्या 'जरा'त, 'तेवढा'त, 'देता का'त आहे. इंग्रजीत नेताना तो वाटेत सांडतो आणि हातात राहतं 'गिव्ह मी'. तिथे तू-तुम्ही एकच 'यू', म्हणून मान प्रश्नातून द्यावा लागतो: 'कुड यू पास मी दॅट चार्ट, प्लीज?' आधी 'प्लीज' लावून 'प्लीज गिव्ह मी' म्हटलं तरी तो हुकूमच राहतो. बाकीच्या नर्स पेशंटशी कशा बोलतात ते ऐका. बीपी घेताना 'रोल अप युअर स्लीव्ह' म्हणत नाहीत, 'कॅन यू जस्ट पॉप युअर स्लीव्ह अप फॉर मी?' म्हणतात.
आता रजा. शेजारी गेल्यावर आपण काय म्हणतो? 'एक काम होतं तुमच्याकडे.' काम आत्ता आहे, तरी 'होतं'. समोरच्याला नाही म्हणायला जागा राहावी म्हणून. इंग्रजीत अगदी तेच आहे: 'आय वॉज वंडरिंग इफ'. पुढे 'इट वुड बी पॉसिबल टू टेक अॅन्युअल लीव्ह', मग तारखा. शेवटी 'थँक यू फॉर कन्सिडरिंग इट'. 'थँक्स इन अॅडव्हान्स' नको, त्यात होकार गृहीत धरल्यासारखा होतो. आणि 'काइंडली' नकोच. इथल्या कानाला ते थकबाकीच्या नोटिशीसारखं लागतं.

जुना_फळा:
'काइंडली' शुद्ध इंग्रजी आहे. त्यात चूक काय?

रानजाई:
सर, चूक नाही, जुनं झालंय. 'डू द नीडफुल'ही साहेबानेच आणलं, आपण जपलं आणि त्याच्या देशात ते मागे पडलं.

जुना_फळा:
मान्य. मात्र इंग्रजीलाही 'तू' होता बरं का, 'दाऊ'. यॉर्कशायरच्या जुन्या बोलीत 'दी' आणि 'दा' अजून सापडतात. ताईंनी म्हाताऱ्या पेशंटांचं बोलणं कान देऊन ऐकावं.

अमृततुल्य:
मुळात आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानतात का? आईने ताट वाढल्यावर 'धन्यवाद' म्हणून बघा, विचारेल बरं वाटत नाहीये का. आणि इथे लीड्सला लोक बसमधून उतरतानाही ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणतात.

थेट_बोल:
म्हणूनच म्हणतो, पोकळ शब्द असतात हे.

रानजाई:
पोकळ नाहीत. दिवसभर बस चालवणाऱ्या माणसाची कुणीतरी दखल घेतं. माझ्या बसच्या ड्रायव्हरला ते आवडतं, मला चेहऱ्यावर दिसतं.
कृष्णाकाठ, त्या बाईंना कार्ड द्या. नुसतं 'थँक यू फॉर एव्हरीथिंग' नको, त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा. त्या रात्री तुम्ही काय करत होतात?

कृष्णाकाठ:
आई कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीच्या, बाहेर एकटी बसली होती. वडिलांना बाहेर आणेपर्यंत मी तिच्याशी फोनवर होते.

रानजाई:
मग हेच लिहा. 'थँक यू फॉर टेकिंग माय नाइट ऑन संडे. बिकॉज ऑफ यू, आय कुड स्टे ऑन द फोन विथ माय मदर. माय फादर इज होम नाऊ.' याच्यापुढे एक शब्दही वाढवू नका.

सोनसळी:
ओईटीच्या नोट्स कुणाला हव्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कृष्णाकाठ:
मेल रात्रीच गेला, उत्तर अजून नाही. सर, शेवटी 'काइंड रिगार्ड्स' लिहिलं, इथे सगळे तेच लिहितात. रागावू नका.
त्या मुलीकडे आज 'कुड यू'ने चार्ट मागितला. तिने दिला, जास्त काही बोलली नाही. कार्ड मात्र सीनिअरने लॉकरपाशी उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि मला मिठीच मारली. मला काही सुचलं नाही, मी नुसती उभी राहिले. अशा वेळी काय म्हणतात?